नदीवर कशाला जायचं?

"रिव्हर," मंदा म्हणाली आणि अडली.

बाळाजी घागच्या कपाळावर घाम आला. शाळेच्या मुख्याध्यापिका मिस फ्रेझरच्या खोलीतला एसी इतका गार होता की त्याच्या बायकोने, रखमाने, पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला होता. तरी बाळाजीला घाम आला. पुढे 'साइड' आहे गं, त्याने मनातल्या मनात पोरीला ढकललं.

"रिव्हरसाइड वॉक," मंदा म्हणाली, आणि गाडी सुटली.

बहारीनच्या मनामा शहरातल्या बाकीच्या शाळा भरल्या होत्या. इथे नाव लागलं तर मंदा आईबापाजवळ राहणार होती. नाही लागलं तर तिला संगमेश्वरला, आत्याकडे परत पाठवावं लागणार होतं. तिची पत्र्याची पेटी रखमाने अजून माळ्यावर टाकली नव्हती.

मुख्याध्यापिका स्कॉटलंडची, हे सगळ्या बहारीनला ठाऊक होतं. आपल्या छोट्या गावातून नदी वाहते आणि तिच्या काठाने फिरायच्या सोप्या वाटा आहेत, हे ती येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगे. या बेटावर नदी औषधालाही सापडत नाही. पालक गोरेमोरे होऊन माना डोलवत. बाळाजी एक पाऊल पुढे गेला. त्याचा साहेबही स्कॉटलंडचा. त्या साहेबाकडून त्याने तिकडच्या नदीकाठच्या सहलींचं माहितीपत्रक मागून आणलं आणि पोरीकडून घोटून घेतलं. लाकडी पूल, हंस, म्हाताऱ्यांसाठी बाकं, सगळं.

घरी मात्र पोर सारखी अडायची.

"बाबा, धुणं न्यायचं नाय?"

"नाय."

"म्हशी?"

"म्हशी बी नाय. नुसतं फिरायचं."

"फिरून जायचं कुठं?"

"जिथनं निघालो तिथंच परत."

मंदाने बराच विचार केला. "मग सायबाचं तिथं काय हरवलंय काय?"

रखमा तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. बाळाजी चिडला. नदीवर नुसतं फिरायला जातात ती शिकलेली माणसं, असं त्याने दोघींनाही बजावलं.

आता मात्र मंदा घडाघडा बोलत होती. पूल आला, हंस आले, बाकं आली. वाट सपाट आहे, कुत्र्यांना आणायला हरकत नाही, पावसाळी बूट घालावेत, हेही तिने इंग्रजीत सांगून टाकलं. मिस फ्रेझर डोळे मिटून ऐकत होती. बाळाजीने रखमाकडे पाहिलं. बघ, म्हणावं.

मिस फ्रेझरने डोळे उघडले आणि पत्रकात नसलेला प्रश्न विचारला.

"अँड यू, मंदा? व्हाय डू यू गो टु द रिव्हर?"

बाळाजीने आवाज न करता ओठांनी 'वॉक' म्हटलं. मंदाने बापाकडे पाहिलं, मग मिसकडे पाहिलं.

"टु वॉश क्लोद्स, मिस," ती म्हणाली. "विथ मदर." एवढ्यावर तिचं इंग्रजी संपलं, पण सांगायचं तर राहिलंच होतं. "पण गावाला आमचा धुण्याचा दगड शेवंताकाकू बळकावते. आपलं धुणं आधीच त्याच्यावर टाकून ठेवते आणि म्हणते, माझाच हाय."

"सॉरी, मिस," बाळाजी खुर्चीतून उठलाच. "शी इज स्मॉल. शी मीन्स वॉकिंग. ओन्ली वॉकिंग."

मिस फ्रेझरही उठली आणि दाराकडे गेली. रखमाने पोरीचा हात धरला. आता हाकलणार, बाळाजीच्या मनात आलं. पण हाकलायचं तर दार उघडायला हवं होतं. मिस फ्रेझरने ते नीट लावून घेतलं.

ती परत येऊन बसली.

"उद्यापासून पाठवा हिला," ती मराठीत म्हणाली. "आणि मी स्कॉटलंड अजून पाहिलेलं नाही, हे बाहेर कुठे बोलू नका."

मग टेबलावरून मंदाकडे वाकून तिने हळूच विचारलं, "आमच्या खडकीला, मुळेच्या काठी, लहानपणी मला सांभाळणाऱ्या आयाबाईचा दगड पण अशीच एक बाई बळकावायची. मग तुझी आई काय करायची गं?"