बोळकंडीतलं स्टूल

भुशाने सुताराची छाती पार पोखरली होती, पण पायाची भिंगरी थांबत नव्हती. खोलीतून मागच्या कारखान्यात जाताना वाटेतच दम लागायचा. टेकायला त्याने बोळकंडीत स्टूल ठेवलं, पण ते जागेवर राहील तर शपथ. कधी कारखान्याकडच्या टोकाला, कधी खोलीच्या दाराशी. "स्टूल कोणी हलवलं?" तो खेकसायचा. "चार पाय आहेत त्याला, गेलं असेल चालत," बायको म्हणायची. आज चोर पकडायचाच म्हणून तो सकाळी झोपेचं सोंग घेऊन पडला. सून हळूच आली, वाकून त्याचा श्वास ऐकत राहिली. बाहेर जाऊन सासूला म्हणाली, "आज घरघर जास्त आहे, आई." पाठोपाठ स्टूल सरकल्याचा आवाज आला. तो उठून निघाला. स्टूल दाराजवळच होतं. आणखी दोन पावलं रेटता आली असती. तरी तिथेच टेकला आणि नेहमीसारखा खेकसला, "स्टूल कोणी हलवलं?"