बाईंचा खोकला

पहिला अंक निम्मा झाला, तरी तिसऱ्या रांगेतून खोकला आला नाही.

अण्णांनी हातातलं पत्र झोळीत ठेवलं, वाक्य घेतलं आणि मुद्दाम क्षणभर थांबून कान दिला. कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. पंख्याची घरघर ऐकू आली. खोकला मात्र नाही.

पन्नास वर्षांपूर्वी पडलेला शिरस्ता होता तो. अण्णांची बायको शाळेत शिकवायची, म्हणून नाटकातली सगळी मंडळी तिला बाईच म्हणत. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला बाई तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायच्या. अण्णांनी कुठे आवाज नको तेवढा चढवला, टाळीसाठी वाक्य ताणलं किंवा डोळ्यांत उगाच पाणी आणलं, की बाई एकदाच खोकायच्या. कोरडा, नेटका खोकला, मागच्या बाकावरची कुजबुज थांबवणारा. शेजारच्यांना वाटे, बिचारीला सर्दी झाली असेल. अण्णांना बरोब्बर कळे आणि पुढच्या वाक्याला ते जमिनीवर येत. समीक्षकांनी त्यांच्या संयमाची तोंड भरून स्तुती केली. तो संयम मुळात कुणाचा, हे घरातल्या दोघांनाच माहीत होतं. ज्या नाटकाने अण्णांचं नाव झालं, त्यातसुद्धा बाई चारदा खोकल्या होत्या. एकदाही खोकल्या नाहीत, असं कधी घडलंच नव्हतं.

मग सिनेमा आला. तिथे खोकून चालत नाही, माईक टिपतो. अठरा वर्षं अण्णांनी पडद्यावर न्यायाधीश, खाष्ट सासरे आणि कायम आठ्या घातलेले बाप केले. हातवारे वाढले, आवाज चढला, घर झालं, गाडी आली. तक्रारीला जागा नव्हती आणि अण्णा तक्रार करतही नव्हते. फक्त टीव्हीवर त्यांचा सिनेमा लागला की बाई स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायच्या. तेवढं मात्र अण्णांच्या मनाला लागायचं.

म्हणून त्र्याहत्तराव्या वर्षी ते पुन्हा नाटकात उतरले होते. भूमिका एका म्हाताऱ्या पोस्टमनची. एका स्त्रीला आलेलं पत्र त्याने तीस वर्षं दाबून ठेवलंय आणि आज ते द्यायला निघालाय. प्रयोग दुपारचा होता. घरून निघताना अण्णा म्हणाले होते, "पाचपेक्षा जास्त वेळा खोकलीस, तर हा पहिला प्रयोग आणि हाच शेवटचा. मी आपला सिनेमातला बापच बरा."

"बघू," एवढंच म्हणून बाई चष्मा पुसत राहिल्या होत्या.

आता खोकल्याकडे कान लावण्याच्या नादात अण्णांनी दोन चांगल्या टाळीच्या जागा हळू आवाजातच उरकल्या. मध्यंतराचा पडदा पडल्यावर त्यांनी आपल्या जुन्या मेकअपमनला गाठलं.

"बाई आहेत का बघून ये रे. बरं वाटत नाही की काय त्यांना?"

मेकअपमन जाऊन आला. "बसल्यात की. ठणठणीत आहेत. चहा आणू का विचारलं, तर त्यांचं लक्षच नाही. नुसत्या पडद्याकडे बघत बसल्यात."

अण्णा काय ते समजले. बाईंनी त्यांचा नाद सोडला होता. जो पोरगा सुधारणार नाही याची खात्री पटली, त्याच्या वहीवर शाई वाया घालवायची नाही, ही त्यांची शाळेतली रीत अण्णांना पक्की ठाऊक होती. त्यांना राग आला नाही. वाईट मात्र वाटलं, फार वाटलं. थोड्या वेळाने का कोण जाणे, जरा मोकळंही वाटलं. आता कुणाला खूश करायचं उरलंच नव्हतं.

दुसऱ्या अंकात त्यांनी काहीच केलं नाही. दारात घ्यायचा एक हुकमी हुंदका महिनाभर घोटून ठेवला होता, तो तसाच राहू दिला. दार उघडलं. समोरच्या म्हातारीच्या हातात त्यांनी पत्र ठेवलं, "उशीर झाला," म्हणाले आणि पाय दुखतात म्हणून बसावं तसे पायरीवर बसले. ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं की नाही, याची फिकीर केली नाही. पडदा पडला. टाळ्या यायला बराच वेळ लागला. अण्णांनी त्याचाही अर्थ वाईटच लावला.

ते आरशासमोर रंग पुसत होते, तेवढ्यात बाई आत आल्या. नाक लाल, रुमालाचा बोळा झालेला.

"बोल," अण्णा म्हणाले.

"बोलायचंय काय त्यात?" बाई फणकारल्या. "तीस वर्षं? शहाणा माणूस दुसऱ्याचं पत्र असं दाबून ठेवतो? ती तिकडे वाट बघून बघून म्हातारी झाली. आणि वर पायरीवर येऊन बसतो, इतका केविलवाणा, की धड रागावताही येईना. मी असते ना, घरातच घेतलं नसतं." त्यांनी नाक पुसलं. "घेतलं असतं म्हणा. पण आधी चांगलं सुनावलं असतं."

"ते राहू दे गं. तू खोकली का नाहीस?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. अर्ध्या पुसलेल्या रंगाकडे, अंगातल्या खाकी सदऱ्याकडे. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही होतात नाही का ते. माझ्या लक्षातच राहिलं नाही."