उतारावरचा दोर

बंद गाडी दोराने ओढायची, तर मागच्या गाडीत ब्रेकवर माणूस लागतोच. नाहीतर उतारावर दोर सैल पडतो आणि ती पुढच्या गाडीवर येऊन आदळते.

लेकाचा डोंगरात जीव गेला, त्याला चार दिवस झाले होते. गिअरबॉक्स तुटून तिथेच राहिलेला त्याचा ट्रक वडील आज घरी नेत होते. त्याच्या सीटवर बसायला मन धजेना, म्हणून ते पुढच्या गाडीत मिस्त्रीशेजारी बसले.

लांबच लांब उतार संपला. दोर एकदाही सैल पडला नाही.

"तुमचे भाऊ पट्टीचे निघाले, काका," मिस्त्री म्हणाला. "असा ब्रेक मलाही जमत नाही."

"भाऊ सकाळीच बसने गेला. मागे तुमचा माणूस आहे ना?"

"मी एकटाच आलोय, काका."

वळण आलं. आरशात मागच्या ट्रकची चाकं बेताने वळताना दिसली. काचेवर ऊन होतं. आतलं काही दिसेना.

"उतरून बघू या," म्हणत मिस्त्रीने वेग कमी केला.

वडिलांनी त्याचा हात धरला.

"थांबू नका. घरापर्यंत तरी येऊ दे त्याला."