चरित्रातली चूक

चिखलीच्या धान्यबाजारात हमाली करत बाबांनी एका सायबेरियन लेखकाचं चरित्र लिहिलं. तोही मजूरच, पुढे क्रांतिकारक झालेला. बाबा गेल्यावर ते छापायला देण्याआधी मी तपासत होते आणि आईला वाचून दाखवत होते. तिला अक्षरओळख नाही.

"जलमभर पोते उचलले, अन् लिहिलं कुठचं तं बर्फातलं," ती म्हणाली.

एका पानावर मी थांबले. लेखक तुरुंगात असताना त्याचा तान्हा मुलगा दगावतो. बायको त्याला एकटीच पुरते, खड्ड्यात मीठ घालते.

"हे काढावं लागेल, आई. त्या लेखकाला मूलच नव्हतं. आणि पुरताना मीठ आपल्याकडे घालतात, तिकडे नाही."

"पुढं काय लिहेल हाय?"

"सुटून आल्यावर तो बायकोला मुलाबद्दल काहीच विचारत नाही. तिच्याकडे बघायची हिंमत होत नाही त्याची."

आईने त्या पानावर हात ठेवला.

"राहू दे तसंच. तुह्या आंधी एक पोरगं होतं मले. हमालाच्या संपात तुहे बाबा जेलात होते. मी एकटीच गेली पुराले. आल्यावर एका शब्दानं इचारलं नाही त्यायनं. मले वाटे, या मानसाले कायीच वाटलं नाही."