बाहेर वळलेली शिंगं

"यल्ला, चल, हॉर्न मार! कळप पळताना व्हिडिओ हवाय," अल बर्शाहून आलेला पर्यटक पॅट्रिक म्हणाला.

सफारीची गाडी चालवणारा हमदुल्ला रोज तेच करायचा. हॉर्न वाजला की वाळवंटातली ती लांब शिंगांची पांढरी हरणं पिल्लं टाकून उधळायची.

आज हॉर्न वाजूनही एकही पळालं नाही. उलट सगळी शांतपणे चालत आली, पिल्लं गाडीच्या चाकांशी सोडून भोवती कडं करून उभी राहिली.

"आपल्याला घेरलं रे!"

"नाही साहेब. शिंगं बघा, बाहेर वळलीत."

बाहेर नुसती मोकळी वाळू होती.

हमदुल्लाने इंजिन बंद केलं. तरी हॉर्न वाजला. आवाज त्याच्याच गाडीचा, पण वाळूच्या टेकडीपलीकडून. मग आणखी जवळून.

"पळव गाडी!"

कळपातल्या एका म्हाताऱ्या मादीने खूर आपटला. हमदुल्लाने चावी काढून खिशात टाकली.

"खलास, साहेब. आज कुणीच पळायचं नाही."