हलका चाप

"बोट टेकताच सुटतोय की चाप! नवा बसवायला पैसे नव्हते का, जावईबापू?" ड्वेनची बंदूक हाताळत ऑर्विलने विचारलं.

"दोनशे डॉलर कोण घालणार? चाप हलका व्हावा म्हणून घरीच स्प्रिंगची दोन वेटोळी कापली," ड्वेन म्हणाला. उद्यापासून हरणांची शिकार सुरू होणार होती.

म्हाताऱ्याने बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, घोडा चढवला आणि दस्ता जमिनीवर आपटला. चापाला कोणाचंच बोट नव्हतं, तरी आत खट्‌ झालं.

"गोळी असती तर? मार्नी उद्या तुझ्याबरोबर येणार नाही. ती माझी नात आहे, माझ्याबरोबर येईल. कोणी शिकवली ही अक्कल?"

"तुमची बंदूक साफ करताना पाहिलं. तिचीही स्प्रिंग कापलेलीच आहे."

"चाळीस वर्षं शिकार करतोय मी. माझी बरोबरी करू नकोस!"

ड्वेनने भिंतीवरची सासऱ्याची बंदूक काढली, रिकामी आहे ना ते पाहिलं, घोडा चढवला आणि तशीच आपटली.

खट्‌.

"तीन हिवाळे," ड्वेनने दात खाल्ले, "तीन हिवाळे माझी पोरगी हिच्यापुढे चालत आलीय."