वैतरणीची फळी

"आता मागे नाही फिरता येणार, ताई. बाहेर पडायचा रस्ता पुढूनच आहे," कार्यकर्ता म्हणाला आणि त्याने काळा पडदा सोडला.

सुगंधाने लेकीचा, संचिताचा हात घट्ट धरला. पुढे विमलाबाई होत्या. शेजारच्या खोलीतल्या. त्यांनीच आज दोघींना ओढून आणलं होतं. गोडदेवच्या गणपतीत यंदा एका मंडळाने नरक उभा केला होता. मुंबईहून कुणी आर्टिस्ट बोलावून, मोकळ्या प्लॉटवर बांबू आणि ताडपत्रीचा लांबच लांब बोगदा. आत पुतळे नव्हते, काजळी फासलेली खरी माणसं होती. भर दुपारीही रांग रस्त्यावर आली होती.

"वर्ष होत आलं गं," निघताना विमलाबाई म्हणाल्या होत्या. "किती कोंडून घेशील? पोरीकडे तरी बघ."

सुगंधाचा नवरा दशरथ खाडीत गेला, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. जेट्टीवर पाय घसरला. ओहोटी होती. सोबत एकटी सुगंधाच. तिच्या हाका ऐकून माणसं धावली, तोवर पाण्यावर काहीच नव्हतं. देह मिळाला नाही. तेव्हापासून ती रोज कामावरून सुटली की खाडीवर जाऊन उभी राहायची, पाण्याकडे टक लावून. बायका तिला बघून डोळ्यांना पदर लावायच्या. एवढी माया आजकाल कुठे असते, म्हणायच्या.

संचिता मात्र सावरली होती. बाप होता तेव्हा डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची. आता हातपाय पसरून झोपत होती.

"पोरं लवकर विसरतात. बरं असतं ते," विमलाबाई म्हणायच्या.

बोगद्यात लाल बल्ब लावले होते. कुठून तरी टेपवर किंकाळ्या चालू होत्या. दुधात पाणी घालणारा कढईत बसून ओरडत होता. खोटी साक्ष देणाऱ्याची जीभ यमदूत सांडशीने ओढत होता. मध्येच तो सांडशी घेऊन रांगेत घुसला आणि सुगंधाच्या कानाशी खेकसला, "तू काय केलंस? बोल!"

संचिता खिदळली. सुगंधाने मान फिरवली. थांबावं म्हटलं तर मागची गर्दी थांबू देईना.

वळणावर वैतरणी लागली. ताडपत्रीच्या हौदात काळंशार पाणी, वर एक अरुंद फळी. पाण्यातून हात वर यायचे, जाणाऱ्यांच्या पायांना लागायचे आणि परत बुडायचे.

सुगंधा जागच्या जागी थिजली.

"विमलाबाई, मला नाही जमणार. मला बाहेर काढा."

"अगं, कमरेएवढं पाणी आहे," विमलाबाई हसल्या आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "कळतंय गं मला. पाणी बघितलं की तुला तो दिवस आठवतो. डोळे मीट आणि चार पावलं टाक. पोरीला मी नेते."

"अरे बहनजी, आगे चलो ना! पूरी लाइन रुकी है!" मागून कुणीतरी ओरडलं.

विमलाबाई आणि संचिता फळी ओलांडून पलीकडे पोचल्या. मागे फिरायला जागा नव्हती. सुगंधाने देवाचं नाव घेतलं आणि पाऊल टाकलं. फळी लवली. पाण्याला चिखलाचा वास येत होता.

एका हाताने तिचा घोटा पकडला.

"पकडलं, पकडलं!" मागे हशा पिकला.

तिने पाय ओढला. हात सुटेना. बाकीच्यांना हे हात नुसते लागून जात होते. हा मात्र आवळतच चालला होता.

"सोडा ओ दादा," ती रडकुंडीला आली. "पाया पडते तुमच्या."

"आई, खोटं आहे ते!" पलीकडून संचिता हसून ओरडली. "घाबरू नको!"

पाण्यातून एक डोकं वर आलं. काजळीने माखलेल्या चेहऱ्यात डोळे तेवढे पांढरे दिसत होते. टेपवरची किंकाळी संपेपर्यंत तो थांबला आणि मग फक्त तिलाच ऐकू जाईल, असं हळूच बोलला.

"ढकलायच्या आधी विचारायचंस तरी, सुगंधा. मला पोहता येतं."